अर्धी कामकरी अर्धा नर अशी माशी पेटीत निघाली तर राणी मारायची का?

सांगोल्याकडच्या एका भावाने प्रश्न विचारलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. डाळिंबाच्या बागेत त्यांच्या मेलिफेराच्या (पेटीत पाळायच्या युरोपियन मधमाशीच्या) दहा पेट्या आहेत, त्यातल्या एकाच पेटीसमोर सकाळी अधूनमधून विचित्र माश्या पडलेल्या सापडतात. एक डोळा नरासारखा मोठा, दुसरा कामकरीसारखा बारीक, पोट कामकरीचं, आणि एकीच्या तर एकाच मागच्या पायाला परागाची टोपली. शेजारच्या बागेत फुलकिड्यांसाठी फवारणी झालेली त्यामुळे त्यांना औषधाचा संशय आहे, एकजण म्हणाला रोग आहे पेटी जाळून टाक, दुसरा म्हणाला राणी मार, तिसरा म्हणाला या पेटीचा मध विकू नको. आता करायचं काय?

भाऊ, पेटी जाळू नका. एवढं पहिलं डोक्यात ठेवा, बाकीचं निवांत वाचा.

फोटोवरून तरी तुमच्या माश्या खऱ्याच अर्धनर वाटतायत, गायनँड्रोमॉर्फ म्हणतात त्या. एकाच शरीरात काही भाग मादीचा काही भाग नराचा. हा रोग नाही, एका माशीचा दुसरीला लागत नाही, पेटीतून पेटीत जात नाही. अंड्यातच झालेला घोटाळा आहे. त्यामुळे त्या पडलेल्या माश्यांचं काय करायचं हा प्रश्नच नाही, त्यांना कामकरी माश्यांनीच बाहेर काढलंय. तुमचा खरा प्रश्न असा आहे की ही राणी पुढं ठेवण्यासारखी आहे का, आणि तिच्यापासून पुढच्या राण्या करायच्या का. त्याचं उत्तर अशा माश्या किती निघतात, किती दिवस निघतात, बाकीचं ब्रूड (पेटीतली अंडी, अळ्या, कोष) कसं आहे आणि सध्या सीझन कुठला आहे यावर आहे, म्हणून एका ओळीत हो किंवा नाही सांगता येत नाही.

पण आधी खात्री. माझ्याकडं वर्षाला बरेच जण असे फोटो पाठवतात आणि त्यातले बहुतेक दुसरंच काहीतरी असतं. वरोआ माइटने, म्हणजे माश्यांवर जगणाऱ्या बारीक किडीने, पोखरलेल्या माश्या असतात, पंख चुरगळलेले, पोट आखूड, त्या बेढब दिसतात म्हणून लोकांना वाटतं काहीतरी अर्धवट जन्मलंय. कधी पेटी बिनराणीची झालेली असते आणि कामकरी माश्याच अंडी घालायला लागलेल्या असतात, मग कामकरीच्या लहान घरातून बुटके नर निघतात, ते बघून लोक म्हणतात हा ना धड नर ना धड कामकरी. पण त्या बुटक्या नराचे दोन्ही डोळे नराचेच असतात, सारखे. आणि कधी कधी नुसती अंगावरचे केस गेलेली काळीकुट्ट चकचकीत म्हातारी माशी असते, दुसऱ्याच्या पेटीत चोरी करून करून झालेली, तिलापण लोक नवीन जात समजतात.

बघायचं कसं ते सांगतो. माशी जिवंत असली तर काड्यापेटीत घालून फ्रीजमध्ये थोडा वेळ ठेवा, ती सुस्त पडते, मग पांढऱ्या बशीत घेऊन शाळेतल्या भिंगाने बघा. सुरुवात डोक्याच्या माथ्यापासून करा. नराचे दोन मोठे डोळे माथ्यावर एकमेकाला येऊन भिडतात आणि तीन बारीक साधे डोळे खाली कपाळाकडं ढकलले जातात. कामकरीचे डोळे बाजूला असतात, मध्ये केसाळ माथा मोकळा आणि त्यावर ते तीन ठिपके. आता खरी अर्धनर माशी असली आणि डोकं मधोमध वाटलं गेलेलं असलं तर एका बाजूचा डोळा माथ्यावर चढून मध्यापर्यंत आलेला दिसतो, दुसऱ्या बाजूचा आपल्या जागी थांबलेला, आणि ते तीन ठिपके एका अंगाला सरकलेले. हे एकदा बघितलं की परत शंका येत नाही. मग मिशा मोजा, कामकरीच्या मिशीला १२ भाग असतात नराच्या १३. एका बाजूला १२ दुसऱ्या बाजूला १३ असं आलं की झालं काम. मग मागचे पाय, परागटोपली फक्त कामकरीला असते, नराचा पाय साधा केसाळ. शेवटी पोटाचं टोक, कामकरीचं निमुळतं आणि डंखवालं, नराचं बोथट गोलसर.

आता प्रत्येक माशी अशी मधोमध चिरल्यासारखी नसते हेपण लक्षात घ्या. काहींचं डोकं नराचं आणि पोट कामकरीचं असतं, काहींचं उलटं, काहींच्या अंगावर नुसते ठिगळासारखे तुकडे असतात, म्हणजे सगळी कामकरी आणि एकच मिशी तेवढी नराची. ही ठिगळवाली बहुतेक आपल्या नजरेला येतच नाहीत, कोण बसलंय प्रत्येक माशीची मिशी मोजत.

हे कशामुळं होतं ते समजून घ्यायला माशीत नर-मादी कसं ठरतं ते माहीत पाहिजे. राणी अंडं घालताना साठवलेल्या शुक्राणूंनी ते फलित करून घातलं तर मादी होते, तसंच घातलं तर नर. म्हणजे मादीच्या पेशीत ३२ गुणसूत्रं, अर्धी आईची अर्धी बापाची, आणि नराच्या पेशीत १६, सगळी आईची. नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो, आईचा बाप. ही गोष्ट १८४५ साली सायलेशियातल्या योहान झिर्झोन नावाच्या पाद्र्याने पहिल्यांदा मांडली, तो स्वतः मधमाश्या पाळायचा, आणि लोकांनी त्याच्याशी बरीच वर्षं वाद घातला. पुढं २००३ साली याच्यामागचं नेमकं जनुक सापडलं, सीएसडी म्हणतात त्याला. त्याच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या पेशीत असल्या की मादी, एकच असली की नर.

आता यातली मुख्य गंमत. आपल्यात, गाईम्हशीत हार्मोन रक्तातून सगळ्या अंगात फिरतात, त्यामुळे सगळं शरीर एका बाजूला जातं. माशीत तसं नाही, तिथं प्रत्येक पेशी स्वतःपुरतं बघते, माझ्यात दोन आवृत्त्या आहेत का एक, आणि तसं वागते. शेजारची पेशी काय करतीय याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून एकाच अंगात अर्ध्या पेशी दुहेरी आणि अर्ध्या एकेरी झाल्या तर अर्धं अंग मादीचं आणि अर्धं नराचं, मध्ये चक्क रेघ मारल्यासारखी सीमा.

मग एकाच अंड्यात एकेरी आणि दुहेरी पेशी येतात कुठून? राणी तिच्या लग्नाच्या उड्डाणात एका नराशी नाही तर दहा-बारा, कधी त्याहून जास्त नरांशी मिलन करते आणि सगळ्यांचे शुक्राणू एकाच पिशवीत साठवते. अंडं घालताना त्यात बऱ्याचदा एकापेक्षा जास्त शुक्राणू शिरतात. नेहमीच्या वेळी एकाचं मीलन होतं आणि बाकीचे तिथंच जिरून जातात. क्वचित एखादा जिरत नाही. पहिल्याने आईच्या केंद्रकाशी मीलन केलं त्यातून मादीचा भाग तयार होतो, आणि हा जादाचा स्वतःच विभागत बसतो, त्यातून नराचा भाग. म्हणजे त्या माशीच्या नराच्या भागाला फक्त बाप आहे, आई नाहीच. साध्या नराच्या बरोब्बर उलटं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बराच वेळ कळलंच नव्हतं, कागदावर वंशावळ काढून बघितली तेव्हा डोक्यात गेलं.

हे नुसतं अंदाजाने बोललेलं नाही. अमेरिकेत वॉल्टर रोथेनब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली डोळ्यांच्या रंगाच्या खुणा वापरून दाखवून दिलं की त्यांच्या माश्यांमधला नराचा भाग बापाकडून आलेला आहे. त्याच्याआधी दुसरा एक विचार होता, जर्मन शास्त्रज्ञ बोव्हेरी यांचा, की शुक्राणू उशिरा पोचतो, तोवर अंड्याचं केंद्रक एकदा विभागलेलं असतं, मग तो त्यातल्या एकाच अर्ध्याशी जुळतो आणि दुसरं अर्धं आईचंच एकेरी राहून नर बनतं. हा विचार चुकीचा ठरला असं नाही, कारण जर्मनीत कॉन्स्टान्स गावात ऑयगस्टर नावाच्या माणसाच्या पेटीत १८६० च्या दशकात अशा माश्या भरपूर निघत होत्या, फॉन झीबोल्ड यांनी त्याचा अभ्यास १८६४ साली छापला, आणि त्याच जतन केलेल्या माश्या बोव्हेरींनी पुढं १९१५ मध्ये परत तपासल्या तेव्हा त्यांना नराचा भाग आईसारखा दिसला. म्हणजे दोन्ही वाटांनी होऊ शकतं. आणि २०१८ साली सिडनी विद्यापीठातल्या लोकांनी एकाच पेटीतल्या ११ अर्धनर माश्यांची जनुकं तपासली तर काहींना एकापेक्षा जास्त बाप निघाले, आणि त्या अभ्यासातल्या एका माशीला तर दोन बाप, आई नाहीच. दोन शुक्राणूच एकमेकांशी जुळून माशी झालेली. वाचून माणूस गप्पच होतो.

डाळिंबवाल्यांना एक सांगतो, आपल्या झाडाला नर फुलं आणि संयोगी फुलं (नर-मादी दोन्ही भाग असलेली) दोन्ही येतात, ते आपण रोज बघतो म्हणून काही वाटत नाही. झाडाचा तो नेहमीचा कारभार आहे. माशीतलं हे तसं नाही, हा तिचा नेहमीचा कारभार नाही, हुकलेला नेम आहे. म्हणून बागेत हे चालतं तर पेटीतपण चालेल असं समजू नका. पण घाबरण्यासारखंपण नाही, १४० च्या वर जातींच्या माश्यांमध्ये असं सापडलेलं आहे, त्यात एकट्याने राहणाऱ्या माश्यापण आल्या, पनामातल्या रात्री उडणाऱ्या एका जातीची अशी अर्धी-अर्धी माशी तर शास्त्रज्ञांनी जिवंत ठेवून ती कधी जागते कधी झोपते तेपण नोंदवलं.

आता फवारणीचं. शेजाऱ्याशी भांडायला जायच्या आधी हिशोब करा. मेलिफेराची कामकरी अंडं घातल्यापासून २१ दिवसांनी बाहेर येते. आज पेटीसमोर पडलेली अर्धनर माशी आत्ताच कोषातून निघालेली असते, म्हणजे तिचं जे काय व्हायचं ते तीन आठवड्यांपूर्वी, अंडं पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत होऊन गेलं. परवाच्या फवारणीने कुणाचा एक डोळा मोठा होत नाही. औषधाने मेलेल्या माश्या वेगळ्या ओळखू येतात, पेटीसमोर एकदम सडा पडतो, जीभ बाहेर आलेली, काही गोल गोल फिरतात, थरथरतात, आणि ते एका पेटीपुरतं नसतं, त्या बाजूच्या सगळ्या पेट्यांना बसतं. तुमच्याकडं दहा पेट्यांतल्या एकाच पेटीत होतंय, म्हणजे बोट राणीकडं जातंय, शेजाऱ्याकडं नाही. (शेजाऱ्याला संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर फवार म्हणून सांगायचंच, ते वेगळं. आणि तेल्या रोगासाठी मारतात ती औषधं आणि फुलकिड्यांसाठी मारतात ती कीटकनाशकं यात फरक करायला शिका, सगळ्याच फवारणीला एकच शिवी देऊन उपयोग नाही.)

तीन आठवडे मागं मोजताना अजून एक गोष्ट आठवून बघा, त्या वेळी तुम्ही पेटी फोडली होती का, विभाजन केलं होतं का, रात्री पेट्या हलवल्या होत्या का. कारण अंड्यांना थंडी लागली तर अशा माश्या निघतात हे प्रयोगात दाखवलेलं आहे, १९६३ मध्ये ड्रेशर आणि रोथेनब्युलर यांनी मुद्दाम अंडी गार करून अर्धनर माश्या काढल्या होत्या. पेटीत ब्रूडचं तापमान माश्या ३४-३५ अंशावर धरून ठेवतात. तुम्ही म्हणाल सोलापुरात कुठली थंडी, इथं माणसं शिजतात. बरोबर आहे, मे महिन्यात हा मुद्दा सोडूनच द्या. पण डिसेंबर-जानेवारीत पेट्या बागेत असल्या तर रात्री उघड्या माळावर पारा चांगला उतरतो, आणि अशा वेळी विभाजन करून अंड्यांची चौकट थोड्याशा माश्यांबरोबर नवीन पेटीत टाकली तर माश्यांना ती झाकून ठेवणं जमत नाही. किंवा सकाळी लवकर पाहणी करताना चौकट बाहेर काढून गप्पा मारत बसलो. तसं काही झालं असेल तर या माश्या थोड्या दिवसांत आपोआप बंद होतील, राणीचा त्यात दोष नाही.

तसं काही झालेलं नसेल आणि तरी निघतच राहिल्या तर मग राणीकडं बघायचं.

इथं मोजायची गोष्ट येते आणि ती बहुतेकजण चुकीची करतात. पेटीसमोर पडलेल्या मोजून खरा आकडा कळत नाही. काही उडून लांब पडतात, काही मुंगळे उचलून नेतात, काही कोंबड्या खातात. मी काय करतो, आता फुटायच्या बेतात आलेल्या कोषांची एक चौकट घेतो, माश्या झटकतो, जाळीच्या पिंजऱ्यात घालून त्याच पेटीत परत ठेवतो म्हणजे ऊब मिळत राहते. दुसऱ्या दिवशी आत नुसत्या नवीन निघालेल्या माश्या असतात, बाहेर टाकायला मोठ्या कामकरी नसतात, तेव्हा सगळ्या मिळतात. कोवळ्या माश्या फिकट, मऊ असतात, उडत नाहीत, चावत नाहीत, निवांत बघता येतात. आणि हे कामकरीच्या घरांचीच चौकट घेऊन करायचं, नराच्या घरांची नाही, कारण ही अंडी मुळात कामकरीच्या घरात फलित म्हणून घातलेली असतात. सातेरीवाल्यांना (सातेरी म्हणजे आपली देशी मधमाशी) नराचं घर लगेच ओळखू येतं, बंद झालेल्या घराच्या झाकणावर मधोमध बारीक भोक असतं. मेलिफेराला तसं नसतं, तिथं फुगीर गोळीसारखी झाकणं बघायची.

एखाददुसरी निघाली, पुढच्या चौकटीत काही नाही, तर वहीत लिहून ठेवा आणि विसरा. प्रत्येक वेळी चौकटीत निघतायत, महिना-दीड महिना झाला तरी थांबत नाही, तर ती राणी बदलायची. मध्ये कुठं असेल तर तुमच्या सोयीने, पण त्या राणीपासून पुढच्या राण्या मात्र करायच्या नाहीत हे नक्की. कारण हा कल राणीकडून वंशात उतरू शकतो, रोथेनब्युलरांनी अशा माश्या वारंवार देणारा वंशच जोपासला होता, म्हणून तर त्यांना अभ्यासाला एवढ्या माश्या मिळाल्या. त्यांना तेच पाहिजे होतं, आपल्याला नको. बाकी पेटी दणकट असली, मध चांगला देत असली तर आपल्याकडं लोक त्याच राणीच्या लेकी करत सुटतात. तेवढं करू नका.

अजून एक गल्लत होते ती सांगतो. ब्रूडची चौकट चाळणीसारखी दिसते, मध्ये मध्ये घरं रिकामी, आणि लोक म्हणतात अर्धनर माश्यांमुळं झालं. नाही. चाळणीसारखं ब्रूड हे जास्त करून नात्यातल्या नात्यात मिलन झाल्याचं लक्षण असतं. सीएसडीच्या दोन आवृत्त्या सारख्याच आल्या की फलित अंड्यातूनपण नरच होतो, दुहेरी नर, आणि अळी अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत कामकरी तिला खाऊन टाकतात. वोयके नावाच्या पोलिश शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये हे दाखवलं. आपल्याकडं एका माणसाकडून पाच पेट्या आणायच्या आणि त्याच वर्षानुवर्षं फोडत राहायचं, आसपास दुसऱ्या कुणाच्या मेलिफेरा नाहीत, मग दुसरं काय होणार. सातेरी रानात असते पण तिचा आणि मेलिफेराचा संकर होत नाही, त्यामुळे तिच्या नरांचा तुम्हाला उपयोग नाही. तुमच्या पेटीत दोन्ही दिसत असेल, म्हणजे चाळणीपण आणि अर्धनर माश्यापण, तर वाट बघू नका, बाहेरून वेगळ्या वंशाची राणी आणा. चाळणी रोगानेपण पडते, त्यामुळे अळ्यांचा वास आणि रंग बघायला विसरू नका. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी असते आणि तिला घाण वास येत नाही.

आत्तापर्यंतचं एकदा जुळवून घ्या: आधी भिंगाने खात्री, मग तीन आठवडे मागं जाऊन काय झालं होतं ते आठवणं, मग पिंजऱ्यात चौकट ठेवून मोजणं, आणि त्यानंतरच राणी.

राणी बदलायचीच ठरली तर वेळ बघून बदला. तुम्ही कुठल्या महिन्यात विचारताय ते लिहिलं नाही म्हणून दोन्ही सांगतो. पावसाळा सरला, तुरी फुलल्या, शेताच्या कडेला रानफुलं आहेत, पेट्यांमध्ये नर उडतायत, तर बिनधास्त बदला. जुनी राणी काढल्यापासून नवीन राणी अंडी घालायला लागेपर्यंत महिनाभर धरा, तेवढा खंड पेटीला सोसला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये मात्र हात लावू नका. ऊन चव्वेचाळीसच्या आसपास, बाहेर फुलोरा नाही, पेटीत नर नाहीत, नवीन राणी उडून गेली तर मिलन होत नाही किंवा वेडे राघू तिला उचलतात. अर्ध्या-अर्ध्या काही माश्यांसाठी भरलेली पेटी बिनराणीची करून बसाल. त्या वेळी सावली करा, पाणी ठेवा, राणी आहे तशी चालू द्या, पाऊस पडल्यावर बघू.

तुम्ही शेवटी विचारलंय की या माश्या चावतात का. पोटाचं टोक कामकरीचं असलं तर डंख असतोच. वागणं मात्र डोक्यावर जातं. हे माश्यांच्या लांबच्या नात्यातल्या हॅब्रोब्रॅकॉन नावाच्या बारीक गांधीलवर्गीय किड्यात व्हाइटिंग यांनी १९३२ साली छान दाखवलंय. मादी अळीला डंख मारून तिच्यावर अंडी घालते, नराला अळीशी काही घेणं नसतं, तो मादीच्या मागं लागतो. डोकं नराचं आणि पोट मादीचं असलेले किडे अळीकडं बघत नव्हते आणि मादीच्या मागं लागत होते, डोकं मादीचं असलेले अळीलाच डंख मारायला जात होते. तेव्हा नराच्या डोक्याची आणि कामकरीच्या पोटाची माशी तुमच्या अंगावर धावून येणार नाही, पण बोटांत चिमटीत धरली तर हमी नाही. चिमटा वापरा की, कशाला उगाच.

मधाचं काय. या माश्यांमुळं मधाला काहीही होत नाही, बिनधास्त काढा आणि विका. त्या मुळात मध गोळा करायला बाहेर जातच नाहीत, जन्मल्या की बाहेर. शेजारच्या फवारणीचा विषय वेगळा, फुलं असताना मोठी फवारणी झाली असेल तर त्या वेळचा मध सुपरमधून (पेटीच्या वरच्या मधाच्या कप्प्यातून) काढून वेगळा ठेवा, ते कुठल्याही पेटीला लागू आहे.

आणि या माश्या मातीत टाकू नका. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट एका बारीक बाटलीत भरून त्यात ठेवा, बाहेर चिठ्ठी लावा, तारीख, गाव, पेटी नंबर, राणी किती वर्षांची. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, पेनची शाई स्पिरिट लागलं की पसरते. विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या लोकांना किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत दाखवता येतील. सोलापुरात केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे, परागीभवनाचं काही विचारायचं असेल तर तिथं जा, पण या माशीचा विषय त्यांचा नाही, उगाच हेलपाटा होईल. पिंजऱ्यातली मोजणी झाली की आकडा आणि ब्रूडच्या चौकटीचा दोन्ही बाजूंचा फोटो टाका, उजेडात, माश्या झटकून, मोबाईल सरळ धरून. मागच्या वेळचा फोटो तिरका होता, अर्धी चौकट सावलीत गेलीय, त्याच्यावरून ब्रूड कसं आहे ते मला सांगता येणार नाही.